टॉमकॅट, वॉर फाइल आणि जांब गाव: ग्राफ डेटाबेस सर्व्हरची थोडी मागची गोष्ट

मागच्या वर्षी एका दुपारी मी माझा जुना लॅपटॉप फॉरमॅट केला. त्याआधी टॉमकॅटचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं होतं, त्यामुळे निर्धास्त होते. नव्या मशीनवर फोल्डर टाकलं, सर्व्हर सुरू केला आणि ब्राउझरमध्ये पान उघडलं. सर्व्हर व्यवस्थित चालू होता, पण रिपॉझिटरींची यादी रिकामी! सहा आठवडे हाताने भरलेल्या नोंदी गेल्या होत्या. चूक पूर्णपणे माझीच होती. पण ती का झाली हे शोधताना मला या सॉफ्टवेअरचा इतिहास वाचावा लागला, आणि तो आधी वाचला असता तर चूक झालीच नसती. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी माझा प्रश्न सांगते. जुन्या कागदपत्रांत येणारी आपल्या भागातली गावं आजच्या नोंदींशी जोडायची, हे माझं काम. उदाहरणार्थ, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब. जुन्या पुस्तकात ते अंबड तालुका, औरंगाबाद जिल्हा असं सापडतं. आज ते घनसावंगी तालुका, जालना जिल्हा आहे. गाव जागचं हललेलं नाही, त्याच्याभोवतीची नाती बदलली. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला तो हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबादेतून आले आणि परतूर परभणीतून. नंतर तालुक्यांचेही तुकडे होऊन आज ते आठ आहेत.

हे टेबलमध्ये मांडता येत नाही असं अजिबात नाही. पण नात्यांचे प्रकार आधी माहीत नसतात. आज ‘तालुका’, उद्या ‘जहागीर’, परवा ‘त्याच गावाचं दुसरं नाव’. दर वेळी नवा कॉलम, नवं टेबल आणि लांबत जाणारे जॉइन. ग्राफमध्ये प्रत्येक विधान तीन भागांचं असतं: कर्ता, संबंध, कर्म. ‘जांब – तालुका – अंबड’. नवा संबंध आला तर फक्त नवं विधान लिहायचं.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी केलेली डेटाबेस प्रणाली नोंदींना दुव्यांनी जोडत होती. त्या कामासाठी त्यांना १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण १९७० मध्ये एडगर कॉड यांनी टेबलांचं, म्हणजे रिलेशनल मॉडेल मांडलं आणि पुढची काही दशकं तेच चाललं. दुव्यांची गरज पुन्हा जाणवली ती वेबमुळे. फेब्रुवारी १९९९ मध्ये डब्ल्यू-थ्री-सीने आरडीएफ हे तीन भागांच्या विधानांचं मानक जाहीर केलं.

मानक आलं, पण ही विधानं ठेवायची कुठे? त्यावरच्या सुरुवातीच्या उत्तरांपैकी एक म्हणजे सेसमी. नेदरलँड्समध्ये येन ब्रोकस्ट्रा, आर्योन कांपमान आणि फ्रँक व्हान हार्मेलेन यांनी त्याची रचना २००२ च्या एका शोधनिबंधात मांडली. त्यातला एक निर्णय आजही आपल्या कामी येतो. साठवणुकीचा भाग त्यांनी ‘सेल’ नावाच्या वेगळ्या थरामागे ठेवला. वरचा सर्व्हर तोच राहतो, खाली साठवण बदलता येते.

दुसरा निर्णय असा की सेसमी वेब ॲप्लिकेशन म्हणून चालवायचं. तेव्हा जावाच्या जगात ही सोय नुकतीच आली होती. १९९९ मध्ये सन कंपनीने आपला सर्व्हलेट चालवणारा कोड अपाची फाउंडेशनला दिला आणि त्यातून टॉमकॅट झाला. त्याच वर्षीच्या सर्व्हलेट मानकात वॉर फाइल आली: अख्खं ॲप्लिकेशन एका फाइलमध्ये, ती कंटेनरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकली की काम झालं. पोर्ट, थ्रेड, लॉग हे सगळं कंटेनर बघतो. पुढे २००८ मध्ये स्पार्कल ही प्रश्नभाषा मानक झाली आणि २०१६ मध्ये सेसमी एक्लिप्स फाउंडेशनकडे जाऊन आरडीएफ-फोर-जे झालं. मी तेच वापरते.

आता माझ्या चुकीकडे येते. वॉर फाइलमध्ये फक्त कोड असतो, डेटा नसतो. नवी आवृत्ती टाकताना जुनं ॲप्लिकेशन पुसलं जातं, म्हणून डेटा मुद्दाम बाहेर ठेवतात. काही सांगितलं नाही तर लिनक्सवर तो वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. मी टॉमकॅट कॉपी केला, ते फोल्डर मला दिसलंच नाही. आता मी टॉमकॅटच्या सेट-एन्व्ह फाइलमध्ये जावाच्या पर्यायातून डेटाची जागा स्वतः ठरवून देते आणि तेवढ्याच फोल्डरचा रोज बॅकअप घेते. जुन्या लेखांत या पर्यायाचं नाव अड्युना कंपनीच्या नावाने सुरू होतं, कारण सेसमी तेव्हा तिच्याकडे होतं. नाव आपल्या आवृत्तीचंच घ्या.

दुसरी अडचण बऱ्याच जणांना येते. वॉर फाइल टॉमकॅट १० मध्ये टाकतात आणि पान सापडत नाही. कारण तांत्रिक कमी, कायदेशीर जास्त आहे. ओरॅकलने २०१७ मध्ये एंटरप्राइज जावा एक्लिप्सकडे द्यायचं ठरवलं, पण ‘जावा’ या नावाचा हक्क दिला नाही. म्हणून २०२० मध्ये पॅकेजची नावं ‘जावाएक्स’ची ‘जकार्ता’ झाली. टॉमकॅट १० नवी नावं शोधतो, माझ्या वॉर फाइलमध्ये जुनी आहेत. उपाय साधा: टॉमकॅट ९ घ्या. डाउनलोड करण्याआधी आपल्या आवृत्तीला कोणता कंटेनर चालतो ते एकदा बघाच.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. लॉगिनची जबाबदारीही कंटेनरवरच सोडलेली आहे. सर्व्हर टाकून तसाच ठेवला तर नेटवर्कवरचा कुणीही विधानं पुसू शकतो. टॉमकॅट सुरुवातीला मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकत असतो. तुम्ही एकटेच वापरणार असाल तर कनेक्टरमध्ये फक्त लोकलहोस्टचा पत्ता द्या.

रिपॉझिटरी तयार करताना ‘सेल’चा थर समोर येतो. मेमरी स्टोअर की नेटिव्ह स्टोअर? मेमरी वेगवान, पण सगळा डेटा रॅममध्ये मावला पाहिजे. मी नेटिव्ह घेतला, तो डिस्कवर बी-ट्री इंडेक्स ठेवतो. इंडेक्सची नावं चार अक्षरांची असतात: एस, पी, ओ, सी. पहिली तीन म्हणजे कर्ता, संबंध, कर्म. चौथं सी म्हणजे कॉन्टेक्स्ट, विधान कुठल्या गटातलं ते.

माझा संशोधनाचा प्रश्न सुटतो तो या सीमध्ये. ‘जांब – तालुका – अंबड’ आणि ‘जांब – तालुका – घनसावंगी’ ही दोन्ही विधानं खरी आहेत, आपापल्या काळात. प्रत्येक स्रोताला मी वेगळा कॉन्टेक्स्ट देते आणि त्या कॉन्टेक्स्टला साल जोडते. मग ‘१९८१ च्या आधीचे स्रोत काय म्हणतात?’ हे विचारता येतं. पण नेटिव्ह स्टोअर आपणहून दोनच इंडेक्स बनवतो आणि दोन्हींत सी शेवटी आहे. फक्त कॉन्टेक्स्टवरून शोधलं की तो सगळी विधानं चाळत बसतो. सीने सुरू होणारा तिसरा इंडेक्स मी सुरुवातीलाच मागून घेते. लिहिणं थोडं हळू होतं, पण माझ्या कामात वाचणंच जास्त आहे.

गेलेल्या नोंदींपैकी साधारण निम्म्या मला स्प्रेडशीटमधून परत मिळाल्या. बाकीच्या पुन्हा भरल्या, आणि भरताना दोन गावांच्या जुन्या चुकाही सापडल्या. आता दर शनिवारी सगळी रिपॉझिटरी कॉन्टेक्स्टसकट ट्रिग फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करते. टर्टलमध्ये केलीत तर कॉन्टेक्स्ट गळून पडतो, म्हणजे जांब एकाच वेळी दोन तालुक्यांत जाऊन बसेल. तुम्ही सुरू करणार असाल तर पहिल्याच दिवशी दहा विधानं भरा, एक्सपोर्ट करा, रिपॉझिटरी पुसा आणि परत आणून बघा. दहाही परत आली, की मगच अकरावं लिहा.