मायकल जॅक्सनची करमाफी

2022 च्या फेब्रुवारीत यो यो हनी सिंग नागपुरात आला होता. शो वगैरे काही नव्हता. पाचपावली पोलीस ठाण्यात आवाजाचा नमुना द्यायचा होता. अश्लील गाण्यांबद्दलची एक जुनी तक्रार, त्यावरचा गुन्हा, आणि आवाज त्याचाच आहे का हे तपासायला कोर्टाचा आदेश. वादातली गाणी आपली नाहीतच, असं तो आधीपासून सांगत आला होता. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्या दिवशी मीम्सचा पाऊस पडला. ‘पाचपावली लाइव्ह’ वगैरे.

त्याच ग्रुपवर 2025 च्या सुरुवातीला त्याच्या पुण्यातल्या शोची तिकिटं कोण काढतंय, यावर चर्चा चालू होती. मधल्या काळात नेटफ्लिक्सवर त्याच्यावरची डॉक्युमेंटरी आली होती, आजारपणाबद्दल तो मोकळेपणाने बोलला होता, नवीन गाणी चालली होती. 2012 मध्ये दिल्लीतल्या त्या भयंकर घटनेनंतर लोकांच्या संतापामुळे ज्याचा गुरुग्राममधला थर्टी फर्स्टचा कार्यक्रम रद्द झाला, तो हाच गायक, हे कुणालाच आठवत नव्हतं. मलाही नाही. मी तिकीट काढायला निघालोच होतो.

हे मी मामांना सांगितलं तर ते म्हणाले, “त्यात काय नवीन आहे बे? आमच्या वेळेस मायकल नव्हता आला का!”

मामांचा मायकल म्हणजे 1 नोव्हेंबर 1996. मुंबई, अंधेरीचं क्रीडा संकुल. तेव्हा मामा अठ्ठावीस वर्षांचे होते, लग्न झालेलं, घरात तीन वर्षांची मुलगी. ऑफिसच्या कामाचं सांगून ते विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेले. तिकीट मिळालं नाहीच. वीरा देसाई रोडवर गर्दीत उभं राहून त्यांनी भिंतीपलीकडचा आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत आले. मामी अजूनही पाहुण्यांसमोर हे काढते. मामा दरवेळी एकच उत्तर देतात, “आवाज तर ऐकला ना.”

माझा जन्म त्यानंतरचा. मी वाढलो तो मामांच्या कॅसेटवर. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी गॅदरिंगला मी मूनवॉक केला होता, वन्स मोअर मिळाला होता. तो माझ्या आयुष्यातला एकमेव वन्स मोअर. (माझा एक मेटल ऐकणारा मित्र ‘तो रॉक नाही, पॉप आहे’ म्हणून भांडतो. ‘बीट इट’मधला गिटार सोलो एडी व्हॅन हेलनने वाजवलाय, एवढं सांगून मी तो विषय बंद करतो.) त्यामुळे पुढे जे लिहितोय ते तटस्थ माणसाचं नाही, हे धरून चाला.

अंधेरीला उतरलेला जॅक्सन नेमका कुठल्या अवस्थेत होता, ते आधी पाहू. ऑगस्ट 1993 मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप त्याच्यावर झाला आणि बातमी जगभर गेली. तेव्हा तो बँकॉकमध्ये दौऱ्यावर होता. काही महिन्यांत दौरा अर्धवट सोडावा लागला. डिसेंबरमध्ये त्याने टीव्हीवरून आपण निर्दोष असल्याचं निवेदन केलं. जानेवारी 1994 मध्ये दिवाणी दावा कोर्टाबाहेर मिटवला गेला. मिटवण्याची रक्कम दोन कोटी डॉलर्सहून जास्त होती. गुन्हा कबूल केलेला नव्हता, खटलाही उभा राहिला नाही. म्हणजे शिक्षा नाही आणि निर्दोष सुटकाही नाही. आमच्या धंद्यात बग सुटला नाही तरी तिकीट ‘क्लोज्ड’ करता येतं, तसं काहीसं.

त्यानंतर त्याने जे केलं ते पाहिलं की वाटतं, कुणीतरी बसून नीट प्लॅन केलाय. मे 1994 मध्ये एल्विस प्रेस्लीच्या मुलीशी लग्न. सप्टेंबरात एमटीव्हीच्या सोहळ्यात स्टेजवर तिचं चुंबन. जून 1995 मध्ये ‘हिस्टरी’ हा अल्बम, आणि त्याच्या जाहिरातीसाठी लंडनच्या थेम्स नदीतून वाहत नेलेला त्याचा स्वतःचाच भलामोठा पुतळा. फेब्रुवारी 1996 मध्ये लंडनमधल्याच ब्रिट पुरस्कारांत तो मुलांच्या घोळक्यात उद्धारकाच्या थाटात गात होता, तेव्हा ‘पल्प’ बँडचा जार्व्हिस कॉकर स्टेजवर घुसला आणि त्याने पार्श्वभाग हलवून त्या सगळ्याची टर उडवली. पोलिसांनी चौकशीला नेलं ते कॉकरला.

आणि मग दौरा. या दौऱ्याचा नकाशा मी एकदा गूगल मॅपवर पिना टाकून काढला होता. सुरुवात 7 सप्टेंबर 1996 ला प्राग. मग बुडापेस्ट, बुखारेस्ट, मॉस्को, वॉर्सा. पुढे ट्युनिस, सोल, तैपेई, क्वालालंपूर, मुंबई. पूर्व युरोपातले बरेचसे देश नुकतेच कम्युनिस्ट राजवटीतून बाहेर पडलेले, आशियातली शहरं नुकतीच केबल टीव्हीला सरावलेली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर एकही पिन नाही. आख्ख्या दौऱ्यात अमेरिकेच्या वाट्याला आले ते होनोलुलूतले दोन कार्यक्रम, ते हवाई बेटांवर. जिथे प्रश्न विचारले जात होते ते अंगण टाळून, जिथे फक्त टाळ्या वाजतील अशा अंगणांतून तो फिरत होता.

आपलं अंगण त्यातलंच एक. फरक एवढाच की इथे त्याला बोलावणाऱ्यांचीही स्वतःची गरज होती.

1995 मध्ये राज्यात युतीचं सरकार आलं होतं, मनोहर जोशी मुख्यमंत्री होते. राज ठाकरे यांनी मराठी तरुणांना रोजगार मिळवून देण्यासाठी शिव उद्योग सेना काढली होती आणि तिच्या निधीसाठी हा कार्यक्रम होता. आयोजन ‘विझक्राफ्ट’चं. 30 ऑक्टोबरला जॅक्सन उतरला तेव्हा नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रेने त्याला ओवाळलं. वाटेत झोपडपट्टीजवळ गाडी थांबवून तो मुलांना भेटला. मातोश्रीवर जाऊन आला. तिथलं कुठलं स्वच्छतागृह त्याने वापरलं, याचीसुद्धा बातमी झाली. जाताना ओबेरॉय हॉटेलातल्या उशीवर त्याने भारताला उद्देशून मजकूर लिहून ठेवला, त्यात इथल्या मुलांविषयी फार हळवं होऊन लिहिलेलं होतं.

विरोध झाला नाही असं नाही. पण तो कशाला झाला, ते महत्त्वाचं. संस्कृतीचे रक्षक म्हणवणारे हे असलं पाश्चात्त्य थेर कसं आणतात, हा आक्षेप होता. त्यावर बाळासाहेबांनी जॅक्सनची बाजू घेतली: तो मोठा कलाकार आहे, अमेरिकेतल्या काही मूल्यांचं प्रतीक आहे, ती घ्यायला आपण लाजायचं कारण नाही. विषय मिटला. त्याच नोव्हेंबरात बंगळुरूला मिस वर्ल्ड स्पर्धेवरून संस्कृतिरक्षणाचं रान पेटलं होतं, हे लक्षात घेतलं की मुंबईतली ही शांतता आणखी उठून दिसते. आणि त्याच वर्षी पहिल्या ‘महाराष्ट्रभूषण’ने गौरवलेल्या पु. ल. देशपांड्यांनी सरकारच्या ठोकशाहीबद्दल दोन शब्द काय काढले, तर त्यांना ‘मोडका पूल’ ऐकावं लागलं. पु.लं.ना! महाराष्ट्राच्या सदिच्छेचे दर त्या वर्षी कसे लागले होते, ते यावरून बघा.

दुसरा आक्षेप पैशांचा. सरकारने या कार्यक्रमाला करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली: कोट्यवधींची तिकिटं विकणाऱ्या कार्यक्रमाला ही सवलत कशासाठी? प्रश्न रास्त होता. रक्कम अडकून पडली. 2011 मध्ये न्यायालयाने ती करमाफी रद्द ठरवली आणि सरकारला नव्याने निर्णय घ्यायला सांगितलं. मधल्या काळात सरकारं बदलली. राज ठाकरेंनी शिवसेना सोडून स्वतःचा पक्ष काढला. 2009 मध्ये जॅक्सन वारला. बाळासाहेब 2012 मध्ये गेले. शेवटी जानेवारी 2021 मध्ये, कोविडच्या धामधुमीत, उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने सुमारे 3 कोटी 36 लाख रुपयांच्या त्या कराला माफी दिली.

चोवीस वर्षं. मी ही बातमी वर्क फ्रॉम होम करताना वाचली, आधी हसलो. संध्याकाळपर्यंत मात्र ती डोक्यातून जाईना. साडेतीन कोटींच्या करासाठी एक फाइल चोवीस वर्षं जिवंत राहिली, कुणीतरी याचिका केली, कुणीतरी युक्तिवाद केला, न्यायाधीशांनी निकाल दिला, मंत्र्यांनी सही केली. माफी मागायची, द्यायची, काढून घ्यायची, परत द्यायची, सगळी रीतसर प्रक्रिया. आणि ज्या आरोपामुळे तो माणूस अमेरिका टाळून अंधेरीला आला होता, त्याची आपल्याकडे फाइलच उघडली गेली नाही. संस्कृती बुडेल का, यावर आपण बोललो. कर बुडाला का, यावर बोललो. त्या मुलाबद्दल बोललो नाही.

गायकाने लोकांची मर्जी परत कशी मिळवायची याचं उत्तर आपण सहसा त्याच्याकडे शोधतो: माफी मागितली का, सुधारला का, गाणं चांगलं केलं का. 1996 च्या मुंबईत यातलं काहीच लागलं नाही. लागला तो एक यजमान, ज्याला पाहुण्याची तेवढीच गरज होती. आणि लागलो आम्ही, भिंतीबाहेर आवाज ऐकायला उभे राहिलेले. ज्याचं नुकसान झालं म्हणतात तो या व्यवहारात कुठेच नव्हता.

उलटं उदाहरण सिनेड ओ’कॉनरचं. 3 ऑक्टोबर 1992 ला या आयरिश गायिकेने अमेरिकन टीव्हीवर, लाइव्ह कार्यक्रमात, पोपचा फोटो फाडला. चर्चमधल्या मुलांच्या शोषणाविरुद्ध. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलनच्या गौरवाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी तिची एवढी हुर्यो उडवली की ठरलेलं गाणं सोडून ती दुसरंच ओरडून गायली आणि रडत आत गेली. तेव्हा तिने माफी मागितली नाही. 2002 मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ने चर्चमधली प्रकरणं बाहेर काढली, 2009 मध्ये आयर्लंडमधल्या चौकशी आयोगांचे अहवाल आले, आणि ती बरोबर बोलत होती हे कळायला लोकांना इतका वेळ लागला. जुलै 2023 मध्ये ती गेली तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसवर तिचे फोटो होते. तोवर तिची मोठी कारकीर्द होऊन जायची ती राहून गेली होती. मुलांसाठी बोलणारीला तीस वर्षं लागली आणि मुलाबद्दलचा आरोप असलेल्याला तीन, हा हिशोब मला अजून पचत नाही.

आता जॅक्सनच्या बाजूने जे आहे तेही सांगायला हवं. 2003 मध्ये दुसऱ्या एका मुलाच्या प्रकरणात त्याला अटक झाली, खटला चालला आणि 13 जून 2005 ला ज्युरीने त्याला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. सगळ्या. तो कधीही दोषी ठरला नाही. 2019 च्या ‘लिव्हिंग नेव्हरलँड’ या डॉक्युमेंटरीत दोन मोठ्या झालेल्या पुरुषांनी आपल्या लहानपणाबद्दल जे सांगितलं, ते त्याच्या वारसदारांनी साफ नाकारलं आहे. त्या दोघांपैकी एकाने तर 2005 मध्ये जॅक्सनच्या बाजूने साक्ष दिली होती. मी ती डॉक्युमेंटरी हॉस्टेलवर पाहिली, चार तासांची आहे. खरं काय ते मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून हेडफोनमध्ये ती गाणी लावली की मी गाणं ऐकतोय असं वाटायचं नाही, मी कुणाचं तरी ऐकायचं टाळतोय असं वाटायचं. मग प्लेलिस्टच काढून टाकली.

पुण्याच्या शोचं तिकीटही मी शेवटी काढलं नाही. हनी सिंग वाईट आहे म्हणून नाही. तो आजारातून बाहेर आला, चांगलंच झालं. पण 2012 मध्ये मी शाळेत ज्या गाण्यांवर नाचलो, ती ऐकून वर्गातल्या मुलींना काय वाटत होतं, हे आम्ही तेव्हा विचारलं नव्हतं. आज मीम टाकून, उद्या तिकीट काढून मी त्याला माफ करणारा कोण, ते मला समजेना. मित्र गेले, व्हिडिओ पाठवले. गर्दी भरपूर होती.

मागच्या महिन्यात महालातल्या मामांच्या घरी गेलो होतो. मी त्यांना सरळच विचारलं, “मामा, 96 साली तुम्हाला ते माहीत होतं का? त्या पोराचं?”

“पेपरात आलंच होतं ना,” मामा म्हणाले. “माहीत नव्हतं असं नाही. पण आपण कशाले त्यात, असं वाटलं.” मग थोड्या वेळाने, “तिकडचं होतं ना ते. अमेरिकेतलं.”

मामी आतून म्हणाली, “तीन वर्षांची पोर घरी ठेवून गेले होते, त्याईले काय विचारता.” मामा हसले नाहीत. एरवी हसतात.

त्या तीन वर्षांच्या पोरीची, म्हणजे माझ्या ताईची मुलगी आता पहिलीत आहे. तिच्या शाळेत गॅदरिंग आहे आणि कुठल्याशा रीलमध्ये तिने मूनवॉक पाहिलाय. मामाला येतो, असं तिला आजीने सांगून ठेवलेलं. मी नाही म्हणायला गेलो, पण तोवर तिने मोजे घातले होते. फरशीवर एक टाच उचलायची, दुसरा पाय सपाट मागे घसरवायचा. चौथ्या वेळी तिला जमलं.

“कोणाची स्टेप आहे ही?” तिने विचारलं.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी टीव्हीचा रिमोट शोधायला सुरुवात केली.