प्रवेश रद्द केल्यावर शुल्काचे काय?

मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, उत्तनच्या किनाऱ्याला लागून असलेल्या पाली गावात जून आणि जुलै हे हाताला काम नसलेले महिने असतात. पावसाळी मासेमारी बंदीमुळे यांत्रिक नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि घरखर्च मागच्या हंगामाच्या शिलकीवर चालतो. नेमक्या याच दिवसांत महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या लागतात. पालीतील मुले पदवीसाठी बसने भाईंदर स्थानक गाठतात आणि तेथून मिरा रोड, बोरिवली किंवा त्याही पुढे जातात. पहिल्या यादीत नाव आले की हातची जागा जाऊ नये म्हणून शुल्क भरले जाते. मग महिनाभराने अभियांत्रिकीच्या फेरीत नाव लागते, किंवा दुसऱ्या शाखेत जागा मिळते, किंवा घरातली अडचण आड येते. पहिला प्रवेश सोडावा लागतो. भरलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न तेथे उभा राहतो. खिडकीवरचे ठरलेले उत्तर असते, 'एकदा भरलेली फी परत मिळत नाही.' बहुतेक वेळा हे उत्तर नियमाला धरून नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) या विषयावर पहिली ठळक जाहीर सूचना २३ एप्रिल २००७ रोजी काढली. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रवेश सोडल्यास जास्तीत जास्त एक हजार रुपये प्रक्रिया शुल्क कापून उरलेली सर्व रक्कम परत करावी आणि रिकामी जागा प्रतीक्षायादीतील उमेदवाराला द्यावी, असे त्यात म्हटले होते. वर्ग सुरू झाल्यावर विद्यार्थी गेला आणि त्याची जागा प्रवेशाच्या अंतिम तारखेपर्यंत भरली गेली, तर त्या महिन्यांपुरते शुल्क आणि वसतिगृहाचे भाडे कापून बाकी परत करायची होती. त्यामागचा विचार सरळ आहे. जागा दुसऱ्याने घेतली की संस्थेचे नुकसान होत नाही. मग एकाच जागेचे शुल्क दोघांकडून का घ्यावे?

ऑक्टोबर २०१८मध्ये आयोगाने नवी अधिसूचना काढून टक्केवारीच ठरवून दिली. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी अर्ज केल्यास संपूर्ण शुल्क परत करायचे. त्यातून पाच टक्के, पण पाच हजारांहून अधिक नाही, एवढीच कपात करता येते. अंतिम तारखेला पंधरापेक्षा कमी दिवस उरले असता ९० टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, सोळाव्यापासून तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. लेखी अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात. अनामत रक्कम शुल्कात मोडत नाही. ती केव्हाही पूर्ण परत मिळते. विद्यार्थी ज्या सत्रात किंवा वर्षात शिकणार आहे, तेवढ्याचेच शुल्क आगाऊ घेता येते, असेही ही अधिसूचना सांगते.

आगाऊ शुल्काचा हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 'इस्लामिक अकॅडमी' प्रकरणात २००३मध्येच निकालात काढला होता. विद्यार्थी मधेच सोडून जाईल अशी भीती असेल तर संस्थेने फार तर बंधपत्र किंवा बँक हमी घ्यावी, पण शुल्क एका सत्राचे किंवा वर्षाचेच घ्यावे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही 'पूर्ण अभ्यासक्रमाचे पैसे एकदम भरा, सवलत मिळेल' अशा जाहिराती दिसतात. सवलतीच्या मोहाने असे पैसे भरणाऱ्या पालकांची परताव्याची लढाई सर्वांत लांबते.

मुंबई आणि परिसरातील संलग्न महाविद्यालये मात्र अनेकदा वेगळेच कोष्टक दाखवतात. ते मुंबई विद्यापीठाच्या ओ. २८५९ या अध्यादेशातले असते आणि माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत बारीक टाइपात छापलेले आढळते. सत्र सुरू होण्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास ५०० रुपये, सुरू झाल्यापासून वीस दिवसांपर्यंत एकूण शुल्काच्या २० टक्के, एकविसाव्या ते पन्नासाव्या दिवसापर्यंत ३० टक्के, त्यापुढे ऐंशी दिवस किंवा ३१ ऑगस्ट यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत ५० टक्के, सप्टेंबरमध्ये ६० टक्के आणि ३० सप्टेंबरनंतर सगळेच, अशी ही कपात आहे. ओळखपत्र, माहितीपुस्तिका, नावनोंदणी यांचे पैसे सत्र सुरू झाल्यावर मिळत नाहीत. विद्यापीठाच्या वाट्याची रक्कम महाविद्यालयाने आधीच विद्यापीठाकडे भरली असेल, तर तीही मिळत नाही. प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाची अनामत मात्र येथेही पूर्ण परत करायची आहे.

दोन कोष्टकांतला फरक लहान नाही. समजा शुल्क वीस हजार आहे, सत्र १५ जूनला सुरू झाले, प्रवेशाची अंतिम तारीख ३१ जुलै आहे आणि विद्यार्थ्याने १० जुलैला अर्ज दिला. विद्यापीठाच्या कोष्टकाने सहा हजार कापून चौदा हजार हाती येतात. आयोगाच्या कोष्टकाने अंतिम तारखेला अजून एकवीस दिवस बाकी आहेत, म्हणून फक्त एक हजार कापता येतात आणि एकोणीस हजार परत मिळतात. पाच हजारांचा हा फरक पालीतल्या घराला पावसाळ्यात जाणवणारा आहे. म्हणूनच अर्जात आयोगाच्या अधिसूचनेचा स्पष्ट उल्लेख करावा. एक विद्यापीठाचे कोष्टक सत्रारंभापासून दिवस मोजते, तर आयोगाचे प्रवेशाच्या अंतिम तारखेपासून. त्यामुळे अंतिम तारीख दाखवणारी जाहीर सूचना जपून ठेवणे फार उपयोगी पडते.

करोनाकाळापासून आयोगाने त्या त्या वर्षासाठी आणखी उदार परिपत्रके काढली. २०२०-२१मध्ये ३० नोव्हेंबर २०२०पर्यंत रद्द केलेल्या प्रवेशांचे पूर्ण शुल्क परत करण्यास सांगण्यात आले. २०२४-२५साठी ही मुदत ३० सप्टेंबर २०२४ होती. ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या अर्जांवर कमाल एक हजार रुपये कापायचे होते. ही परिपत्रके एकेका वर्षापुरती असतात. मागच्या वर्षीचा कागद घेऊन भांडायला जाण्यात अर्थ नाही. चालू वर्षाचा पाहावा.

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन या अभ्यासक्रमांचे गणित आणखी निराळे. त्यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात आणि खासगी विनाअनुदानित संस्थांचे प्रवेश व शुल्क २०१५च्या राज्य कायद्याखाली येतात. येथे टक्केवारीची पायरी नाही, एकच कडा आहे. जाहीर केलेल्या कट-ऑफ तारखेपर्यंत प्रवेश रद्द केल्यास एक हजार वजा जाऊन सर्व परत, त्यानंतर अनामत सोडून काही नाही. एका दिवसाच्या उशिराने लाखभर रुपये जाऊ शकतात. केवळ तोंडी सांगणे किंवा वर्गात न जाणे म्हणजे प्रवेश रद्द होणे नव्हे. ठरवून दिलेल्या पद्धतीने अर्ज नोंदवून त्याची पोच घ्यावी लागते. वैद्यकीय शाखेत जागा सोडण्याचा दंड हा स्वतंत्र आणि जड विषय आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचे असे बंधपत्र रद्द करावे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी २०२४मध्ये राज्यांना सुचवले.

शुल्क स्वतःच्या खिशातून न भरता शिष्यवृत्तीवर प्रवेश घेतलेल्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अशा योजना 'महाडीबीटी' संकेतस्थळावरून चालतात. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती लागू झाली. शासनाने भरलेला हा वाटा विद्यार्थिनीला रोखीने परत मिळणारा नाही; तिने स्वतः भरलेला भागच तिला मागता येतो. शिवाय अनुसूचित जातींसाठीच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर योजनेत वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडल्यास दिलेली रक्कम वसूल करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणून प्रवेश रद्द करताना महाविद्यालयासोबतच शिष्यवृत्तीच्या अर्जाचेही काय करायचे, हे त्या कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. दोन महाविद्यालयांतून एकाच वर्षाचे दोन अर्ज राहिले, तर पुढे दोन्ही अडकण्याची भीती असते.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या घरी हा हिशोब दिवसांवर चालतो. संघराज्याच्या मदतीवर शिकणारा विद्यार्थी सत्राचे तीस टक्के दिवस उलटल्यावर निघाला, तर तेवढ्याच टक्क्यांची मदत त्याने 'कमावली' असे धरतात. उरलेली महाविद्यालय आणि विद्यार्थी मिळून परत करतात. साठ टक्के सत्र ओलांडले की सर्व मदत त्याची. आपल्याकडे शिष्यवृत्तीसाठी असे मोजमाप नाही. सारे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला त्याच दिवशी कळवावे. बँक शुल्क सहसा थेट महाविद्यालयाकडे पाठवते, त्यामुळे परतावाही कर्जखात्यात जमा व्हायला हवा. रक्कम दिल्या दिवसापासून व्याज धरले जाते. परतावा रखडला की न शिकलेल्या अभ्यासक्रमाचे व्याज वाढत राहते.

मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवणे हा परताव्याच्या वादाचा नेहमीचा जोडीदार. 'उरलेले शुल्क भरा, मगच दाखला' असे सांगितले जाते. २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या वेळी मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे आणि स्वसाक्षांकित प्रती ठेवून घ्यायच्या आहेत. नियम मोडणाऱ्या संस्थेचे अनुदान रोखण्यापासून संलग्नता काढण्याची शिफारस करण्यापर्यंत आयोगाला पावले उचलता येतात.

दाद कोठे मागावी? २०२३च्या विनियमांनुसार महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. आयोगाच्या 'ई-समाधान' संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र अरुंद झाला आहे. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मनू सोळंकी प्रकरणात २० जानेवारी २०२० रोजी दिला. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दाखल करून घेतले. खासगी क्लास मात्र त्या निर्णयाच्या छत्राखाली येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांतही क्लास मधेच सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत द्यावे, असे म्हटले आहे.

या सगळ्यात कामास येतो तो एकच कागद. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दोन प्रतींत लिहावा. त्यात शुल्काच्या पावतीचा क्रमांक, भरलेली रक्कम आणि बँक खात्याचा तपशील द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर महाविद्यालयाचा शिक्का व तारीख घ्यावी. शिक्का द्यायला नकार मिळाल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टने आणि ई-मेलने पाठवावा. पंधरा दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.