संमती आणि क्षमा : बागच्या वाटेवरचे काही विचार

काळोख्या भविष्याचे चित्र रंगविणाऱ्या कथा-कादंबऱ्या हे पाश्चात्त्य वाङ्मयाचे एक मोठे दालन आहे. आपल्या मंडळींपैकी अनेकांना ते परके वाटते. परंतु त्यातील एक आद्य कथा लिहिणारा लेखक आपणांस परका नाही. इ. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव होते. त्या वास्तव्यावरील त्यांचे 'द हिल ऑफ देवी' (१९५३) हे पुस्तक माळव्यातील जिज्ञासूंना ठाऊक आहे. १९०९ सालची त्यांची 'द मशीन स्टॉप्स' ही दीर्घकथा मात्र आपल्याकडे फारशी वाचली जात नाही.

या कथेत माणसे जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात आणि सारे काही यंत्र पुरविते. पृष्ठभागावर जावयाचे तर परवाना लागतो. कुनो नावाचा तरुण परवान्याविना, स्वतः शोधलेल्या वाटेने वर जातो. त्याबद्दल त्याला 'बेघर' करण्याची, म्हणजे वस्तुतः मृत्यूची, धमकी मिळते. त्याची आई वाश्ती हिला मुलाचे हे कृत्य अधर्म वाटतो. अखेरीस यंत्र बंद पडते, सर्व कोसळू लागते, आणि त्या विनाशात मायलेकांची मने पुन्हा जुळतात. यंत्र परवानगी देते वा नाकारते, शिक्षा करते. क्षमा मात्र त्याला करता येत नाही. ती घडते ती सत्ता संपल्यावर, दोन बरोबरीच्या माणसांत.

शासकीय सेवेत असताना फायलींवर 'सहमत' असा शेरा लिहिण्यात आमची बरीच वर्षे गेली. वरून आलेल्या टिपणाखाली लिहिलेल्या त्या शब्दात आमची संमती किती आणि पदाची बांधिलकी किती, याचा विचार निवृत्तीनंतरच सुचला. तो मनात घेऊनच आम्ही मागे एकदा धारहून बाग या गावी गेलो होतो.

बागची लेणी सर्वांना परिचित आहेत. परंतु १९८२ साली या गावानजीक २७ ताम्रपटांचा एक संचही सापडला. गुप्तकाळात वल्ख येथून राज्य करणारे भुलुंड, स्वामिदास, रुद्रदास आदी 'महाराज' त्यांतून आपणांस भेटतात. हे महाराज स्वतःला वरिष्ठ सम्राटाच्या चरणांशी नम्र म्हणवितात. आणि स्वतः दिलेल्या जमिनीच्या भोगास आपल्या सर्व अधिकाऱ्यांनी अनुमती द्यावी, असे बजावतात. अनुमती मागितलेली नाही, ती आज्ञापिली आहे. आमच्या 'सहमत' या शेऱ्याचे मूळ इतके जुने असेल, असे आम्हांस वाटले नव्हते.

पुढच्या काळात हेच बाग ग्वाल्हेर संस्थानच्या अमझेरा जिल्ह्यात होते. अमझेरा शिंद्यांकडे कसे आले, हा इतिहास धारच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचावा.

मे १८५७ मध्ये धारचे यशवंतराव पवार निवर्तले आणि अवघ्या तेरा वर्षांचे आनंदराव गादीवर आले. ऑगस्टअखेर धारचा किल्ला अरब, अफगाण, मकराणी शिबंदीच्या ताब्यात गेला. ऑक्टोबरमध्ये इंग्रजी फौजेने वेढा घातला; तटाला खिंडार पडले, पण आत शिरून पाहतात तो शिबंदी रातोरात निसटलेली! दरबाराची या बंडास संमती होती, असे कर्नल ड्युरँड यांचे म्हणणे पडले, आणि संस्थान जप्त झाले. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा क्षमादानाचा जाहीरनामा निघाला, आणि १८६० मध्ये बैरसिया परगणा वगळून धार परत देण्याचे ठरले. बैरसिया भोपाळला मिळाला. राजाच्या हाती कारभार येण्यास मात्र १८६४ उजाडले. जॉन डिकिन्सन या इंग्रज गृहस्थाने त्याच वर्षी धारच्या बाजूने एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. तेरा वर्षांच्या मुलाची संमती ती काय, आणि ज्याने अपराध केला नाही त्याला क्षमा ती कसली? पण क्षमा स्वीकारली की अपराधही आपोआप कबूल होतो. सत्तेच्या क्षमेतील खरी मेख हीच आहे.

अमझेऱ्याच्या वाट्याला एवढेही आले नाही. तेथील राजे बख्तावरसिंह राठोड यांच्या लोकांनी जुलै १८५७ मध्ये भोपावरच्या एजन्सीवर चाल केली होती. १० फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना इंदुरात फाशी देण्यात आली, आणि अमझेरा शिंद्यांच्या पदरात पडले.

येथे आपण मराठी मंडळींनी क्षणभर थांबावयास हवे. धार परत मिळाल्याची हकीकत आपण आनंदाने सांगतो. अमझेऱ्याची हकीकत आपण, सांगितलीच तर, राठोडांचा इतिहास म्हणून सांगतो. वास्तविक ते बक्षीस एका मराठी दरबाराने स्वीकारले, आणि त्या दरबाराच्या कारभारात आपल्या माणसांना चाकऱ्या मिळाल्या. त्यात कोणाही पूर्वजाचा व्यक्तिगत दोष होता, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनीही आमच्यासारखेच 'सहमत' लिहिले असेल. पण प्रजेला विचारले कोणी नव्हते, हेही तितकेच खरे.

ती संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. आज बागच्या बाजारात राठोडांचे, पवारांचे, शिंद्यांचे आणि भिल्लांचे वंशज एकाच दुकानी चहा घेतात. येथे आता कोणी कोणाचा राजा नाही. फॉर्स्टर यांच्या कथेतील मायलेकांना हे समानत्व मरणाच्या दारात लाभले; आपणांस ते जिवंतपणी लाभले आहे. तेव्हा अमझेऱ्याची हकीकत आपल्या घरांतूनही, आपलीच म्हणून, सांगितली जावी. क्षमा मागावयाची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ती मागण्याजोगे काही घडले होते, एवढे तरी पुढच्या पिढीस ठाऊक असावे.