एल्कची स्वयंनियोजित शिकार

एल्कची स्वयंनियोजित शिकार म्हणजे व्यावसायिक मार्गदर्शक किंवा शिकार-सहलीचा आयोजक न नेमता, परवाना मिळवण्यापासून मांस घरी आणण्यापर्यंतची सर्व कामे शिकाऱ्यांनी स्वतः पार पाडून केलेली एल्क या हरणाची शिकार. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत, मुख्यतः रॉकी पर्वतरांगांमधील सार्वजनिक जमिनींवर, ही पद्धत रूढ आहे. बोलीभाषेत तिला ‘डीआयवाय हंट’ म्हणतात. मार्गदर्शकासह शिकार करायची तर अनेक हजार डॉलर मोजावे लागतात. त्यामुळे बेताच्या उत्पन्नाच्या आणि नवशिक्या शिकाऱ्यांना बहुधा हाच मार्ग परवडतो. प्रस्तुत लेखात कॉलोराडो राज्य उदाहरणादाखल घेतले आहे. एल्कची सर्वाधिक संख्या, अडीच लाखांहून अधिक, याच राज्यात आहे आणि काही हंगामांचे परवाने तेथे अजूनही सोडतीशिवाय मिळतात. नियम दरवर्षी बदलत असल्याने राज्याच्या ‘कॉलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ’ या विभागाची चालू वर्षाची पुस्तिका हाच अंतिम आधार समजला जातो.

प्राणी व त्याचे नाव

एल्क (शास्त्रीय नाव: सर्व्हस कॅनाडेन्सिस) हा सांबराच्याच कुळातील, पण सांबराहून थोराड प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे ३०० ते ३५० किलो, तर मादीचे २२५ किलोच्या आसपास भरते. नराची शिंगे दरवर्षी गळून नव्याने येतात. युरोपात ‘एल्क’ हा शब्द मूस या वेगळ्याच प्राण्यासाठी वापरला जातो; हा घोटाळा टाळण्यासाठी अनेक लेखक ‘वापिटी’ हे मूळ अमेरिकन रहिवाशांच्या भाषेतील नाव पसंत करतात. त्याचा अर्थ ‘पांढऱ्या पुठ्ठ्याचा’ असा आहे. काश्मीरचा हंगुल हा याचा जवळचा आप्त होय.

एकोणिसाव्या शतकात मांस, कातडी आणि दात यांच्या व्यापारापायी एल्कची बेसुमार कत्तल झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी संपूर्ण खंडात लाखभरही जनावरे उरली नव्हती. कॉलोराडोत तर १९१०च्या दशकात वायोमिंगमधून एल्क आणून सोडावे लागले. आज उत्तर अमेरिकेत त्यांची संख्या सुमारे दहा लाख आहे. वन्य प्राण्यांचे मांस बाजारात विकण्यावरील बंदी, परवान्यांवरील मर्यादा आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवलेला शिकारीच्या बंदुका व दारूगोळ्यावरील कर (आता ११ टक्के) यांचा या पुनरुज्जीवनात मोठा वाटा आहे. या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो.

सार्वजनिक भूमी

मार्गदर्शकाविना शिकार शक्य होते ती मुख्यतः जमिनीच्या मालकीमुळे. कॉलोराडोची एक तृतीयांशाहून अधिक जमीन संघराज्य सरकारच्या ताब्यात आहे. तिचा बहुतांश भाग वनसेवा आणि ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ यांच्याकडे असून तेथे परवानाधारकाला प्रवेशशुल्काविना शिकार करता येते. बहुतेक ठिकाणी तंबू ठोकून साधारण १४ दिवस विनामूल्य मुक्कामही करता येतो. राज्याच्या वायव्येकडील व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वन आणि त्यालगतचा फ्लॅट टॉप्सचा पठारी प्रदेश एल्कच्या मोठ्या कळपांसाठी प्रसिद्ध आहे. १९६४ च्या कायद्यान्वये ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखीव ठेवलेल्या क्षेत्रांत मोटारवाहनांना बंदी असते. तेथे पायी किंवा घोड्यावरून जावे लागते आणि म्हणूनच गर्दी कमी असते.

सीमारेषांबाबत मात्र नवशिक्याने डोळ्यांत तेल घालून दक्ष राहावे लागते. कॉलोराडोत खासगी जमिनीवर कुंपण किंवा पाटी असलीच पाहिजे असे बंधन नाही. आपण कोणाच्या जमिनीत उभे आहोत हे जाणून घेण्याची जबाबदारी शिकाऱ्याची असते. यासाठी मालकीच्या सीमा दाखवणारे भ्रमणध्वनीवरील नकाशे (उदा. ऑनएक्स) सर्रास वापरले जातात.

याच प्रश्नातून एक गाजलेला खटला उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौरस मैल जमीन दिली गेल्याने पश्चिमेत बुद्धिबळाच्या पटासारखी मालकी निर्माण झाली आहे. वायोमिंगमधील एल्क माउंटन येथे मिझूरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी खासगी जमिनीला पाय न लावता, शिडीच्या साहाय्याने, दोन सरकारी चौकटी जेथे कोपऱ्याला टेकतात तेथून पलीकडे पाऊल टाकले. जमीनमालकाने अतिक्रमणाचा दावा लावला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने, १८८५ च्या बेकायदा कुंपणांविषयीच्या कायद्याच्या आधारे, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. हे परिमंडळ कॉलोराडोसह सहा राज्यांपुरते आहे. त्याबाहेर हा निर्णय बंधनकारक नाही.

परवाना

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला परवान्यासाठी शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र लागते. राज्याचे अनेक क्रमांकित शिकार विभाग पाडलेले असून परवाना विशिष्ट हंगाम, पद्धत आणि लिंग यांसाठी असतो. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरमध्ये, तोंडाकडून ठासून भरायच्या बंदुकीचा सप्टेंबरच्या मध्यास, आणि रायफलचे चार हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. यांपैकी पहिल्या व चौथ्या रायफल हंगामाचे परवाने सोडतीने दिले जातात. दुसऱ्या व तिसऱ्या हंगामाचे नर-एल्कचे परवाने बऱ्याच विभागांत थेट विकत मिळतात. धनुर्धरांसाठीही पूर्वी अशीच सोय होती. २०२५ पासून राज्याबाहेरच्या धनुर्धरांना सोडतीत उतरावे लागते.

सोडतीच्या अर्जाची मुदत साधारणतः एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते. पहिल्या पसंतीचा परवाना न मिळाल्यास एक प्राधान्य गुण जमा होतो. नामांकित विभागांसाठी वीसहून अधिक वर्षे गुण साठवणारे लोक आहेत. नवशिक्याने त्या रांगेत उभे राहण्यात फारसा अर्थ नाही. मादीचा परवाना त्या मानाने सहज मिळतो, मांस तितकेच उत्तम असते आणि नराच्या शिंगांची मोजदाद करावी लागत नाही. ही मोजदाद क्षुल्लक नव्हे: बहुतेक विभागांत नराच्या किमान एका शिंगाला चार टोके, किंवा कपाळालगतचे टोक पाच इंच लांब असणे आवश्यक असते, आणि पहाटेच्या अंधूक उजेडात हे ओळखताना अनुभवी डोळेही फसतात.

शेजारच्या वायोमिंगमध्ये, राज्याबाहेरील शिकाऱ्याला राखीव ‘वाइल्डरनेस’ क्षेत्रात मार्गदर्शकाशिवाय किंवा स्थानिक रहिवाशाच्या सोबतीशिवाय मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही.

खर्च

राज्याबाहेरील शिकाऱ्यासाठी परवाना हीच सर्वांत मोठी बाब असते. कॉलोराडोत तो सुमारे ८०० डॉलरला पडतो, तर राज्यातील रहिवाशाला शंभर डॉलरहून कमी किमतीत मिळतो. उरलेला खर्च इंधन, शिधा आणि साहित्य यांचा. दोघातिघांनी मिळून एक गाडी, एक मोठा तंबू आणि एक शेगडी वापरली तर तो बराच खाली येतो. रायफल नवी असण्याची गरज नाही. हरणाच्या शिकारीसाठी घरात असलेली .२७० किंवा .३०-०६ ची जुनी रायफल एल्कलाही पुरते; कायद्याने गोळी किमान ८५ ग्रेन वजनाची असावी लागते. नवशिके बहुधा बंदुकीवर सढळ हाताने आणि बुटांवर हात आखडून खर्च करतात. पर्वतात याच्या उलट वागणे शहाणपणाचे ठरते. चांगले बूट, भार पेलणारी पाठपिशवी आणि बऱ्यापैकी दुर्बीण एवढ्यावर काटकसर करू नये. बाकीचे उसने आणले तरी चालते.

जागेची निवड आणि शोध

तयारी उन्हाळ्यात, नकाशावरच सुरू होते. एल्कला गवत, पाणी आणि दिवसा दडायला दाट झाडी या तीन गोष्टी जवळजवळ हव्या असतात. म्हणून डोंगराच्या उत्तर उतारावरील स्प्रूस-फरचे गर्द वन, त्याखाली ॲस्पेनची झाडी आणि कुरण अशी रचना शोधली जाते. त्यात वाहनरस्त्यापासूनचे अंतर मिळवले की संभाव्य जागांची यादी होते. हंगाम सुरू होताच एल्क रस्त्यांपासून दूर सरकतात. दोन-तीन किलोमीटर चालण्याची तयारी असणाऱ्याला निम्मी स्पर्धा मागे टाकता येते. एकच जागा मनात धरून जाणे धोक्याचे असते. तेथे आधीच तीन तंबू दिसले तर काय करायचे, याचे उत्तर घरूनच तयार ठेवावे लागते.

सप्टेंबरमध्ये नर माजावर असतात आणि त्यांची बासरीसारखी चढत जाणारी साद दऱ्यांतून ऐकू येते. नक्कल करून त्यांना जवळ बोलावता येते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हा आवाज थांबतो. मग उंचवट्यावर बसून दुर्बिणीने कुरणांच्या कडा न्याहाळणे, ताजे माग व लेंड्या पाहणे आणि बर्फ पडल्यावर खाली उतरणाऱ्या कळपांची वाट अडवणे हेच उपाय उरतात. एल्क उजाडताना व मावळतीला चरतो. कायदेशीर गोळीबाराची वेळही सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच असते.

एल्कचे नाक त्याच्या डोळ्यांहून अधिक घातक. उन्हाने उतार तापले की हवा वर चढते आणि संध्याकाळी थंड होऊन खाली वाहते. त्यामुळे सकाळी वरून आणि सायंकाळी खालून जवळ जाणे हा सर्वसाधारण नियम. पण ढगाळ दिवशी तो हमखास मोडतो, म्हणून वाऱ्याची दिशा पाहायला भुकटीची छोटी बाटली जवळ ठेवतात.

इतके करूनही यशाचे प्रमाण कमीच आहे. कॉलोराडोत दरवर्षी साधारण पाचांपैकी चार शिकारी रिकाम्या हाताने परततात आणि नवख्यांची गत त्याहून निराळी नसते.

शिकारीनंतरचे काम

खरी कसोटी जनावर पडल्यावर लागते. परवान्याला जोडलेली चिठ्ठी तत्काळ भरून सही करावी लागते आणि लिंगाचा नैसर्गिक पुरावा मांसाला जोडलेला ठेवावा लागतो. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा गुन्हा आहे.

जाड कातडीमुळे एल्कचे शरीर तासन्‌तास गरम राहते आणि मांस प्रथम मांडीच्या हाडाजवळ नासू लागते. थंड दिवशीही हे घडते. त्यामुळे आतडी न काढता मांस उतरवण्याची पद्धत आता लोकप्रिय झाली आहे. जनावर कुशीवर ठेवून पाठीच्या कण्यालगत कातडी चिरतात आणि खाली सोलत नेतात. पुढचा पाय सांध्याने जोडलेला नसल्याने सुरीनेच सुटतो, मागचा खुब्याच्या सांध्यातून काढतात. मग पाठीचे व मानेचे मांस घेऊन जनावर उलटवतात आणि दुसऱ्या बाजूलाही तेच करतात. तुकडे हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगले जातात.

मोठ्या नराचे हाडाविना मांस शंभर किलोच्या आसपास भरते. एका खेपेस २५ किलो धरले तर एकट्याला चार खेपा पडतात. गाडी चार किलोमीटरवर असेल, तर ओझ्यासह १६ आणि रिकामे परतताना १२, म्हणजे एकूण २८ किलोमीटरची पायपीट, तीही तीन हजार मीटर उंचीवर. गोळी झाडण्यापूर्वी हा हिशेब मांडला पाहिजे. सोबती नसेल आणि हवा उबदार असेल, तर दूरच्या दरीतले जनावर सोडून देणे हाच योग्य निर्णय असतो.

कॉलोराडोतील हरणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा प्राणघातक रोग आढळतो. १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्स येथील बंदिस्त हरणांत तो प्रथम दिसला. माणसाला तो झाल्याचे उदाहरण नाही. तरीही डोक्याचा नमुना तपासून घ्यावा आणि बाधित जनावराचे मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. अनेक राज्ये मेंदू व कणा आणू देत नाहीत. म्हणून हाडे काढूनच मांस नेणे सोयीचे.

सुरक्षितता

रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच (सुमारे ३,२०० चौरस सेंटिमीटर) झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी वस्त्र आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची असते. एल्कला हे रंग माणसासारखे भडक दिसत नाहीत. सपाटीवरून येणाऱ्यांना विरळ हवेचा त्रास होतो, यासाठी एक-दोन दिवस आधी पोहोचणे इष्ट. ऑक्टोबरात दुपारी ऊन आणि रात्री हिमवादळ असे घडू शकते. घामाने भिजलेले सुती कपडे अशा वेळी जिवावर बेततात. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे वापरतात. भ्रमणध्वनीचे जाळे बहुतेक दऱ्यांत नसल्याने उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण आणि कागदी नकाशा सोबत असावा, तसेच मुक्कामाची जागा व परतीचा दिवस घरी लिहून ठेवलेला असावा.

आक्षेप

प्राणिहक्कवाद्यांचा मनोरंजनासाठी होणाऱ्या शिकारीलाच विरोध आहे. जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरांचा प्रश्न शिकाऱ्यांच्या वर्तुळातही गांभीर्याने घेतला जातो आणि अननुभवी माणसाने दोन-तीनशे मीटरपलीकडे गोळी झाडू नये, असा आग्रह धरला जातो. स्थानिक रहिवाशांची तक्रार वेगळी: बाहेरून येणाऱ्यांमुळे सार्वजनिक रानांत गर्दी होते. बाहेरच्यांच्या शुल्कावरच वन्यजीव विभागाचा बराचसा कारभार चालतो, हेही तितकेच खरे.

परदेशी नागरिक

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर जवळपास संपूर्ण बंदी आहे. अमेरिकेत बिगर-स्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्यांना, म्हणजे शिक्षण किंवा नोकरीनिमित्त गेलेल्या अनेक मराठी भाषकांनाही, बंदूक बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने सामान्यतः मनाई आहे. एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातील एक अपवाद आहे. त्यामुळे अशा व्यक्तीने आधी शिकार-शिक्षण, मग परवाना आणि त्यानंतरच बंदूक हा क्रम पाळणे आवश्यक ठरते.