‘जय बांगला’ : डोळ्यांच्या एका साथीला चिकटलेले नाव

१/ २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली. रुग्णसंख्येत वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा राज्यात आघाडीवर होता. अकोला आणि अमरावतीही तिच्या तडाख्यातून सुटले नाहीत. ‘डोळे आलेल्याच्या डोळ्यांत पाहू नका’ हा जुना सल्ला पुन्हा ऐकू आला. प्रत्यक्षात संसर्ग नजरेने होत नाही. अश्रूंतला विषाणू हात, रुमाल आणि टॉवेल यांवाटे पसरतो.

२/ विषाणू डोळ्याच्या निरनिराळ्या भागांना गाठतात. गालगुंडाचा विषाणू कधी अश्रुग्रंथीलाच सूज आणतो. आजची गोष्ट मात्र डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ पडद्याला ग्रासणाऱ्या विषाणूची आहे.

३/ जून १९६९. आफ्रिकेतील घाना देशात एक नवी साथ उद्भवली. संसर्गानंतर सुमारे एका दिवसात डोळे सुजत आणि त्यांत रक्ताचे डाग उमटत. पुढच्याच महिन्यात मानव चंद्रावर उतरला आणि लोकांनी या रोगाला ‘अपोलो ११’ हे नाव देऊन टाकले.

४/ १९७०मध्ये हा रोग आग्नेय आशियात होता. १९७१मध्ये तो भारतात आला. त्याच वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. कोलकात्यात रोगाचे नाव पडले ‘जय बांगला’. मुक्तिसंग्रामाची घोषणा रोगाचे नाव बनली आणि ठपका निर्वासितांवर आला.

५/ आता कालक्रम पाहा. ढाक्यातील लष्करी कारवाई २५ मार्च १९७१च्या रात्री सुरू झाली. निर्वासितांचे लोंढे त्यानंतरचे. विषाणूचा प्रवास तर दोन वर्षे आधीच सुरू झाला होता. छावण्यांतील दाटीमुळे साथीला वाव मिळाला असेल, पण रोगाचा उगम तेथे नव्हता.

६/ हा रोग थट्टेचाही नव्हता. मुंबईत जे. जे. रुग्णालयाचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांना काही रुग्णांत डोळे बरे झाल्यावर पायांत पक्षाघात आढळला. त्यांचे निरीक्षण १९७३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कारणीभूत एन्टेरोव्हायरस ७० हा पोलिओच्या विषाणूचाच नातलग निघाला.

७/ साथ ओसरते. तिला दिलेले नाव मात्र माणसांना चिकटून राहते. म्हणून एखाद्या रोगाला कोणी देशाचे वा समाजाचे नाव देऊ लागले, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम तारखा पडताळाव्यात.