इंदूरच्या मातीतली शेपटी

हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला की चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविक द्यावं लागतं. पेनिसिलिन येण्याआधी यातून क्वचितच कोणी वाचे. आता डाल्बाव्हान्सिन आठवड्याच्या अंतराने दोनदा देऊन भागेल का, याची पारख सुरू आहे. हे औषध शरीरात इतकं टिकतं कसं, याचा माग काढताना मी थेट होळकरांच्या इंदूरला पोचलो!

नावावरून कूळ लावणारे डाल्बाव्हान्सिनला व्हँकोमायसिन या जुन्या प्रतिजैविकाच्या घरात बसवतात. व्हँकोमायसिन बोर्निओच्या मातीतलं. एका मिशनऱ्याने ती माती 1950च्या दशकात अमेरिकेत एली लिली कंपनीकडे धाडली होती. ‘व्हँक्विश’, म्हणजे नामोहरम करणं, यावरून नाव पडलं. मला हे कूळ पुरेसं वाटत नाही. गोत्र एक असेल, घराणं वेगळं आहे. व्हँकोमायसिनचं अर्धायुष्य काही तासांचं, डाल्बाव्हान्सिनचं शेवटच्या टप्प्यात सुमारे 14 दिवसांचं. टिकण्याचं मर्म स्निग्धाम्लाच्या शेपटीत आहे. व्हँकोमायसिनला ती नाही, त्याच गोत्रातल्या टायकोप्लॅनिन या प्रतिजैविकाला आहे.

आणि टायकोप्लॅनिन बनवणारा जिवाणू इटलीच्या लेपेटिट प्रयोगशाळेला सापडला तो इंदूरकडच्या निमोडी गावच्या मातीत. नावातला ‘टायको’ ग्रीक, अर्थ तटबंदी. जंतूची भिंतच हे औषध उभी राहू देत नाही. त्याची कुपी नर्स कधी हलवत नाही, तळव्यांमध्ये हळूच फिरवते. हलवली तर फेस होतो आणि तो बसेपर्यंत पंधरा मिनिटं थांबावं लागतं. ही खोडही त्या शेपटीचीच, असं मी धरून चालतो.

डाल्बाव्हान्सिनचा मूळ रेणू दुसऱ्याच जिवाणूचा, म्हणजे नातं सख्खं नाही, चुलत आहे. पण तोही लेपेटिटनेच शोधला, आणि त्यालाही तशीच शेपटी. निमोडीच्या मातीने त्या लोकांची नजर तयार केली होती, या मतावर मी ठाम आहे.

2025मध्ये अमेरिका-कॅनडातल्या 200 रुग्णांवरच्या डाल्बाव्हान्सिनच्या चाचणीचे निकाल छापून आले. रोग होता स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा रक्तातला गुंतागुंतीचा संसर्ग. 1500 मिलिग्रॅमचे दोन डोस घेतलेल्या शंभरांपैकी 73 जणांना गुण आला, नेहमीच्या उपचाराने 72 जणांना. एकूण हिशेबात नवं औषध वरचढ ठरलं नाही, पण गुणात मागेही पडलं नाही. हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेचा संसर्ग असलेले रुग्ण मात्र या चाचणीत घेतले नव्हते.