खिडकीतून दिसणारा खारेपाट

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसताना उजव्या हाताची खिडकी धरावी. आपट्यापर्यंत डोंगरांची सोबत असते. जिते, हमरापूर, पेण, कासू असे पुढे जाऊ लागलो की डावीकडे डोंगर तसेच राहतात, पण उजवीकडे जमीन धरमतरच्या खाडीच्या दिशेने सपाट होत जाते. हाच खारेपाट. यातील पुष्कळ शेते उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मग त्यांत भात कसे पिकते?

दलदलीतून जाणारी आगगाडी म्हटले की आपल्याला इंग्लंडमधील चॅट मॉस आठवते. थंड, पावसाळी हवेत साचलेल्या पाण्याखाली वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. त्यांचे थरावर थर साचून पीट तयार होते. लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग (१८३०) बांधताना जॉर्ज स्टीफन्सनने या पीटवर झुडपांच्या मोळ्या अंथरून रूळ अक्षरशः तरंगते ठेवले. आपल्या खाड्यांत सुमारे साडेबारा तासांनी येणारी प्रत्येक भरती मातीचा बारीक गाळ आणून टाकते. म्हणून येथे पीट नव्हे, चिखल साचला. आणि त्यावर रुळांच्या कितीतरी आधी नांगर आला.

चिखलाचे शेत करण्याची रीत अशी. भरती अडेल इतका उंच मातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप. भरतीचे पाणी बाहेरून रेटते, तेव्हा ती मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. कोकणातला पाऊस काही वर्षांत जमिनीतले मीठ धुऊन काढतो. उन्हाळ्यात मात्र ते केशाकर्षणाने पुन्हा वर येते व ढेकळांवर पांढरे दिसते. म्हणून येथे 'राता'सारखी खार सोसणारी भाते पेरली जात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशाच जातींवर काम केले.

बांध एकट्याचा नसतो. एका ठिकाणी खांड पडली की साऱ्या गावाच्या शेतात खारे पाणी शिरते. पूर्वी बांध राखणारा शिलोत्रीदार त्याबद्दल शेतकऱ्यांकडून बिघ्यामागे ठरलेले भात घेई. व्यवस्था चोख, पण बांधावर माती टाकणारे हात बहुधा कुळांचे असत. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. सहा वर्षे चाललेल्या त्या संपाकडे पाहताना ही माती विसरू नये, असे आम्हाला वाटते.

१९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली दुसरा. मधल्या काळात कूळकायद्याने कुळे मालक झाली, ते योग्यच झाले. पण बांधाची दुरुस्ती कोणी करायची, सरकारने की गावाने, याचा वाद राहिला. खांड बुजली नाही तर दोन-चार पावसाळ्यांत शेतात तिवरे उगवतात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवली. किनाऱ्यासाठी हे हवेच होते. परंतु ज्याचे शेत तिवरांखाली गेले, त्याला ते परत मिळवणे अवघड झाले.

रेल्वे येथे फार उशिरा आली. आपटा ते रोहे हा भाग १९८६ साली सुरू झाला. तिचा भराव हाही एक बांधच, म्हणून त्याखाली ठिकठिकाणी मोऱ्या ठेवाव्या लागतात. गाडीची गती कमी झाली की त्या मोजता येतात. एखादीतून पाणी कोणत्या बाजूला वाहते आहे ते पाहावे, आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ पंचांगात शोधावी.